सातशे वर्षांचं पुस्तक आणि चिमूटभर हळद

मी ज्यांचा सगळ्यात जास्त ऋणी आहे त्यांचं नाव आधी लिहितो: शिरतोडेमामा. सांगलीपासून एसटीने तासाभरावर आमचं गाव. तिथल्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे ते परिचर होते. शिक्षण सातवी. डोक्यावर पांढरी टोपी आणि खाकी शर्टाच्या खिशात काचेची नळी कापायची कानस. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. कॉलेजात कुणाला काय विचारायचं असतं हेच मला माहीत नव्हतं, म्हणून मी सगळं मामांना विचारायचो. परीक्षेचा फॉर्म कुठे मिळतो इथपासून ते ॲसिड अंगावर उडालं तर आधी काय करायचं इथपर्यंत.

पहिल्याच वर्षी टायट्रेशनचं प्रॅक्टिकल होतं. बुरेट म्हणजे रेघा आखलेली उभी काचेची नळी. तिच्यातून थेंबथेंब द्रव खाली सोडायचा, खालचा रंग बदलला की थांबायचं आणि किती सोडला ते वाचून वहीत लिहायचं. मला ती तोटी हाताळायची भीती वाटायची. मी शेजारच्याच्या वहीतला १२.४ हा आकडा बघून माझ्या वहीत लिहिला आणि शहाण्यासारखा उभा राहिलो. मामा मागून आले. त्यांनी बुरेटकडे बघितलं, वहीकडे बघितलं.

“संभा, वहीत बारा मिली गेलंय. नळी तर काठोकाठ हाय. वहीतनं गळलं व्हय रं?”

मी खाली मान घातली. मामा माझ्या कानाशी आले आणि सरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, “जे दिसलं ते लिव्हायचं. सरास्नी काय आवडंल ते लिव्हायचं न्हाई. चुकलं तर चुकलं म्हणून लिव्ह. वही काय मारत न्हाई.”

एवढंच. त्यांनी सरांना सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. तो १२.४ वहीत तसाच राहिला आणि मला दहापैकी आठ मार्क मिळाले. मामांचं ते वाक्य मला बऱ्याच वर्षांनी सिंगापुरात एका किड्याने पुन्हा ऐकवलं. ती हकिगत सांगतो.

सिंगापूरला मी कसा पोचलो हे थोडक्यात. पुण्यात एका औषध कंपनीत गोळ्या ठेवायच्या खोल्यांची हवा मी सांभाळायचो. इथल्या एका छोट्या कंपनीला संग्रहालयातल्या वस्तूंची हवा सांभाळणारा माणूस हवा होता. तिथे दमट हवेत गोळ्या मऊ पडायच्या, इथे चित्रं. कंपनीचं ऑफिस तांजोंग पगारला एका जुन्या शॉपहाउसच्या, म्हणजे खाली दुकान असलेल्या घराच्या, माडीवर, आणि मी राहायला बुकित पंजांगला. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात नवीन ओळख झाली की संभाषण नेहमी एकाच वाटेने जायचं.

“तुम्ही कुठल्या बँकेत?”

“बँकेत नाही. संग्रहालयात हवा बघतो.”

“म्हणजे एसी?”

“एसी पण. आणि किडे.”

यावर समोरचे गृहस्थ “वा, वा” म्हणायचे आणि बटाटेवडे संपायच्या आत तिकडे जायचे. आमची आई गावात सांगायची की पोरगा सिंगापुरात इंजिनिअर आहे. मी तिला दोनदा दुरुस्त केलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, “मग किडं धरतो म्हणून सांगू का?”

तर त्या वर्षी आमच्याकडे मोठं काम आलं. शहरातल्या एका संग्रहालयाने इंग्लंडमधल्या मध्ययुगातल्या धार्मिक कलेचं प्रदर्शन ठरवलं होतं. चर्चच्या खिडक्यांतल्या रंगीत काचा, लाकडी मूर्ती, आणि सगळ्यांत मानाचं म्हणजे स्तोत्रांचं एक सातशे वर्षांचं हस्तलिखित. हवा, उजेड आणि किडे यांचा बंदोबस्त आमच्या कंपनीकडे, म्हणजे माझ्याकडे.

मी धार्मिक कलेतला जाणकार नव्हे. पण चार महिने एखाद्या वस्तूची रोज तब्येत बघितली की ती आपल्याशी बोलायला लागते. त्या काचा आपल्याला वाटतं तशा वरून रंगवलेल्या नसतात. काच मुळातच रंगीत. तिचे तुकडे कापायचे आणि शिशाच्या पट्ट्यांनी एकमेकांना जोडायचे. गोधडीच समजा, फक्त शिशाने शिवलेली. चेहरा, केस, कपड्याच्या चुण्या एवढं मात्र तपकिरी रंगाने काढून भट्टीत भाजायचं. संत ओळखायचा हातातल्या वस्तूवरून. आपल्याकडे शंख, चक्र, गदा बघून देव ओळखतो तसंच. किल्ली असली की एक, चाक असलं की दुसरी. आमच्याकडच्या एका काचेतला संत लोखंडी जाळी घेऊन उभा होता, कारण त्याला जाळीवर भाजून मारलं होतं. मंडळाच्या बायकांना मी एका रविवारी प्रदर्शन दाखवायला नेलं, तेव्हा जोशीकाकू त्याच्यासमोर भक्तिभावाने थांबल्या आणि म्हणाल्या, “अगंबाई, हा तर वांगी भाजायची जाळी घेऊन उभा आहे! कुठे मिळाली असेल हो? मुस्तफाच्या दुकानात नाही मिळत.”

पुस्तकाची गोष्ट आणखी नाजूक. ते कागदाचं नसतं, चर्मपत्राचं असतं, म्हणजे वासराच्या कमावलेल्या कातड्याचं. हवेतला ओलावा वाढला की त्या कातड्याला आपण वासरू होतो हे आठवतं आणि पान पाठीच्या बाकाकडे वळायला लागतं. पान वळलं की त्याच्यावरचं सोनं तडकतं. हे सोनं म्हणजे खरा वर्ख, कुत्र्याच्या दाताने घासून चमकवलेला. निळा रंग अफगाणिस्तानातल्या दगडाचा. पिवळा हरताळाचा, म्हणजे आपल्या जुन्या पोथ्यांत चुकलेली अक्षरं झाकायला जो फासायचे तोच. पुस्तकाला पन्नास टक्के ओलावा लागतो, आणि संग्रहालयाच्या दाराबाहेर पंचाऐंशी टक्के. मधे एक काचेचं दार, एक यंत्रणा आणि मी.

उजेडही अगदी कमी ठेवावा लागतो, नाहीतर रंग उडतात. त्यामुळे दालनात शिरलेला प्रत्येक मराठी माणूस पहिलं वाक्य हेच बोलायचा: “लाइट गेलेत का?” आणि पाठोपाठ, “सिंगापुरात?”

एक देशपांडे नावाचे निवृत्त हिशेबनीस आले होते, मुलाकडे बुओना व्हिस्टाला. त्यांनी मला विचारलं, “हे पान कशाचं?” मी खरं ते सांगितलं. त्यांनी हात मागे घेतला, खरंतर काचेवर सुद्धा ठेवलेला नव्हता, आणि “मी बाहेर थांबतो” म्हणाले. दहा मिनिटांनी परत आले. “त्या कोपऱ्यात कोण आहे हो?” पानाच्या समासात एक चिलखतवाला सरदार तलवार टाकून गुडघे टेकून बसला होता आणि त्याच्यासमोर शिंगं रोखून एक गोगलगाय उभी होती. देवाची स्तोत्रं मधे, आणि कडेने हा असला चावटपणा. ससे कुत्र्यांची शिकार करताहेत, माकड वैद्य होऊन आजाऱ्याची नाडी बघतंय. देशपांडे त्यानंतर तीनदा आले. दर वेळी आधी सांगायचे, “मी फक्त गोगलगाय बघणार आहे.”

हे पुस्तक एकटं येत नसतं. त्याच्याबरोबर त्याच्या ग्रंथालयाचा माणूस येतो, विमानात पुस्तकाच्या पेटीला शेजारची सीट असते आणि तो माणूस वाटेत झोपत नाही. आमच्या पुस्तकाबरोबर मिस मार्गारेट आल्या होत्या. साठीच्या, उंच, आखूड पांढरे केस, बोलणं मोजकं. पेटी दालनात आणल्यावर त्यांनी चोवीस तास ती उघडू दिली नाही, आतल्या हवेला बाहेरच्या हवेची ओळख होऊ द्यायची म्हणून. मी म्हणालो, “आमच्याकडे नव्या सुनेला पण एवढा वेळ देत नाहीत.” त्या हसल्या नाहीत. त्यांनी माझी हवेची वही मागितली, पानं उलटून बघितली आणि एवढंच म्हणाल्या, “फार छान आकडे आहेत.” मला त्यात कौतुक ऐकू आलं. पुढे कळलं की ते कौतुक नव्हतं.

पुस्तकाची तीच दोन पानं चार महिने उजेडात ठेवत नाहीत. मध्यावर पान उलटतात, आणि ते काम करायला मार्गारेट ऑक्टोबरात परत येणार होत्या.

त्याआधी आली खंडेनवमी. आमच्या कॉलेजात त्या दिवशी मामा प्रयोगशाळेतल्या अवजारांची पूजा करायचे. तराजू, बुरेटं, सगळी ओळीने पुसून मांडायचे आणि हळदकुंकू लावायचे. पण हळद तराजूच्या लाकडी पेटीला, पारड्याला नाही. “पारड्याला लावली तर वजन खोटं दावंल,” असं म्हणायचे. निवृत्त झाल्यावरही ते दर वर्षी दसऱ्याआधी मला घरच्या हळदीची पुडी पाठवायचे. स्वतःच्या चार वाफ्यांतली हळद, स्वतः शिजवलेली, स्वतः दळलेली. पुडी बांधलेली असायची प्रयोगशाळेतल्या गाळणकागदात, कारण तशी घडी घालायची सवय त्यांना तीस वर्षांची.

संग्रहालयात खाणं, पिणं, फुलं, झाडं काहीही न्यायचं नाही हा नियम मीच दहा वेळा दुसऱ्यांना ऐकवला होता. म्हणून मी विचार करून पूजा केली. नारळ नाही, कारण ते खाणं. झेंडू नाही, कारण फुलात किडे असतात. उदबत्ती लावली असती तर अग्निशामक दल आलं असतं. राहिली हळद. आणि हळद म्हणजे काही खाणं नव्हे, ती देवाची, असं माझ्या मनाने इतकं सहज ठरवलं की तिथे प्रश्न आहे हेच मला दिसलं नाही. दालनाला लागून एक अरुंद खोली होती, तिथे माझं टेबल आणि ओलावा मोजायची यंत्रं. मी यंत्रं पुसली, ओळीने मांडली, यंत्राच्या पेटीला, मोजणाऱ्या टोकाला नव्हे, चिमूटभर हळद आणि कुंकू लावलं, नमस्कार केला, आणि ओल्या कागदाने सगळं पुसून घेतलं. उरलेली पुडी? हळद केराच्या डब्यात टाकायची नसते. घरी नेईन म्हणून टेबलाच्या खणात ठेवली आणि विसरलो.

दालनाच्या कोपऱ्याकोपऱ्यात, जमिनीलगत, आम्ही चिकट कागदाचे छोटे सापळे ठेवतो. बारा होते. दर मंगळवारी मी ते भिंगाखाली तपासायचो. बहुतेक वेळा एखादा कोळी, एखादं चिलट. मार्गारेट गुरुवारी येणार होत्या, त्याच्या आधीच्या मंगळवारी सापळा क्रमांक अकरामधे एक तपकिरी किडा सापडला. तिळाएवढा, पाठीला कुबड, डोकं खाली घातलेलं. मी तो ओळखला. सिगारेट बीटल. तंबाखूत होतो म्हणून हे नाव, पण त्याला मसाले चालतात, धान्य चालतं आणि जुन्या पुस्तकांच्या बांधणीतली खळ तर फारच आवडते. आत शिरला की बोगदे करत जातो.

मी माझे साहेब मिस्टर लिम यांना फोन केला. ते अर्ध्या तासात आले. लिम पन्नाशीचे, गोल चेहऱ्याचे, भीती वाटली की जास्त हळू बोलणारे.

“सॅम,” ते म्हणाले. संभाजी त्यांना लांब पडायचं. “करारात काय आहे माहितेय ना? दालनात जिवंत किडा निघाला तर ती बाई पुस्तक घेऊन जाऊ शकते. पुस्तक गेलं तर प्रदर्शन गेलं, प्रदर्शन गेलं तर हे गिऱ्हाईक गेलं. आणि तुझा कामाचा पास डिसेंबरात रिन्यूला आहे. सो. किडा कुठून आला, हे गुरुवारच्या आत शोधायचं. कॅन ऑर नॉट?”

“कॅन,” मी म्हणालो. इथे दुसरं उत्तर नसतं.

मग मी फौजदार झालो. पहिला संशय खालच्या कॅफेवर. तिथल्या बाईला मी विचारलं, तुमच्याकडे दालचिनी कशी ठेवता? तिने मला बरणी दाखवली, झाकण तिच्या ओठांइतकंच घट्ट मिटलेलं. दुसरा संशय लाकडी मूर्तींवर. त्या तपासल्या, स्वच्छ. तिसरा संशय खुद्द लिम यांच्यावर, कारण त्यांच्या बॅगेत नेहमी करी पफ, म्हणजे मसाल्याची करंजी, असतो हे मला वासाने माहीत होतं.

“बॉस, दालनात कधी खाल्लंत का?”

“माझ्यावर संशय? आय ॲम युअर बॉस, लाह!”

“म्हणूनच विचारतो. यादीत सगळे आहेत.”

त्यांनी बॅग उलटी करून दाखवली. त्यातून छत्री, दोन औषधाच्या पट्ट्या आणि आजच विकत घेतलेला एक बंद करी पफ पडला. “न उघडलेला,” ते दुखावल्या आवाजात म्हणाले.

बुधवारी सकाळी मी सापळे पुन्हा बघितले. अकरामधे आणखी एक. बारामधे दोन. बाकी दहा सापळे स्वच्छ. मी दालनाच्या नकाशावर किड्यांच्या जागी टिंबं काढली, जशी काढायची असतात. टिंबं दालनाच्या एका कोपऱ्यात होती. त्या कोपऱ्यात एक दार होतं. त्या दाराआड एक अरुंद खोली होती. त्या खोलीत एकच टेबल होतं.

मी खण उघडला. गाळणकागदाच्या पुडीला टाचणीने पाडावीत अशी गोल भोकं होती, आणि खणाच्या तळाला पिवळ्या धुळीत एक किडा सावकाश चालला होता. त्याला काही घाई नव्हती. तो दोन आठवडे माझ्याच खर्चाने राहत होता.

खुर्चीत बसून मी काय काय विचार केला ते खरं सांगतो. पहिला विचार पुस्तकाचा नव्हता. पहिला विचार असा की ही पुडी पिशवीत घालून घरी न्यायची, खण धुवायचा, दोन्ही सापळे बदलायचे. वहीत एक रकाना असतो, ‘उगम’. त्यात ‘अज्ञात’ लिहायचं. अर्ध्या जगाच्या वह्यांत ‘अज्ञात’ लिहिलेलं असतं, त्यावर कुणी फाशी देत नाही. माझी मुलगी इथल्या शाळेत दुसरीत. बायकोला नुकतं काम लागलेलं. पास गेला तर सगळं बिऱ्हाड परत. आणि कशासाठी? चिमूटभर हळदीसाठी.

मग दुसरा विचार आला की मी पुन्हा १२.४ लिहायला निघालोय. नळी काठोकाठ आहे.

मी पुडी प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवी बंद केली, वरच्या मजल्यावरच्या डीपफ्रीजमधे ठेवली, कारण उणे तीस अंशात किडे मरतात, आणि खाली येऊन वहीत इंग्रजीत लिहिलं: उगम, माझ्या टेबलाचा खण. वस्तू, हळद. आणणारा, मी. मग लिमना वही दाखवली.

ते दोनदा वाचून म्हणाले, “आयो. तू गॅलरीत करी पावडर आणलीस?”

“करी पावडर नाही, बॉस. पूजेसाठी.”

“कसली पूजा?”

“ओलावा मोजायच्या यंत्राची.”

लिमनी वही मिटून टेबलावर ठेवली. मग त्यांनी हळूच विचारलं, “हेल्प झाली का?”

“काय?”

“पूजेची. ह्युमिडिटीला.”

“त्या दिवसापासून एकदाही पन्नासच्या वर गेली नाही,” मी म्हणालो. ते खरं होतं. लिमनी मान डोलावली. त्यांच्या ऑफिसच्या दारात स्वतःचा छोटा लाल देव्हारा आहे आणि त्याच्यापुढे संत्री असतात. त्यावर आम्ही कधी बोललो नाही, त्या दिवशीही नाही. ते फक्त म्हणाले, “उद्या तिला तूच सांग. मी बाजूला उभा राहतो. बट फार बाजूला, हां.”

गुरुवारी मिस मार्गारेट आल्या. विमानतळावरून थेट. मी त्यांच्यापुढे वही उघडून ठेवली, हळद पूजेसाठी आणली होती एवढं सांगितलं आणि त्या वाचत असताना जाळीवाल्या संताकडे बघत राहिलो. म्हणतात की एका बाजूने भाजून झाल्यावर त्यानेच सांगितलं होतं, आता मला उलटा. मला त्याचा फार हेवा वाटला.

त्यांनी वही मिटली. हातमोजे न घालता, कारण चर्मपत्राला स्वच्छ धुतलेले हातच लावतात, त्या पुस्तकाकडे गेल्या. छोट्या टॉर्चने एकेक पान, शिवण, लाकडी पुठ्ठ्याची कड बघितली. पावणेदोन तास. लिम खरोखरच फार बाजूला, जिन्यात उभे होते. मी बसलो नाही. मला वाटत होतं, बसलो तर पुस्तकाला काहीतरी होईल.

शेवटी त्या म्हणाल्या, “काही नाही. स्वच्छ आहे.” मग माझ्याकडे वळून, “खरं सांगू? मी या वेळी पुस्तक घेऊन जायच्या तयारीने आले होते.”

“किड्यामुळे?”

“किड्याचं मला आत्ता कळलं. तुमच्या आकड्यांमुळे. या शहरात बाहेर पंचाऐंशी, आणि तुमच्या वहीत रोज एकोणपन्नास, पन्नास, एकोणपन्नास. मला वाटलं, हा माणूस घरी बसून आकडे लिहितो. वीस वर्षांत मी शेकडो वह्या वाचल्या. ‘उगम, माझा खण’ असं कुणीही लिहिलेलं नाही. जो हे लिहितो त्याचे पन्नासही खरे असणार.” मग वहीवर बोट ठेवून, “पूजा म्हणजे नेमकं काय केलंत?”

मी सांगितलं. पेटीला लावली, टोकाला नाही, हेही सांगितलं. तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.

मग आम्ही पान उलटलं. त्यांनी दोन्ही हातांनी, मी शेजारी श्वास धरून. नव्या पानाच्या तळाशी, समासात, एक ओळ लिहिलेली होती आणि त्या ओळीला दोरी बांधलेली होती. दोरी वर गेली होती, आणि वर एक बुटका माणूस पानाच्या कडेला पाय रोवून, गाल फुगवून ती ओढत होता.

“हा कोण?” मी विचारलं.

“लिहिणाऱ्या साधूने नक्कल करताना एक ओळ गाळली,” मार्गारेट म्हणाल्या. “पुढे गेल्यावर लक्षात आलं. मधे घुसवायला जागा नव्हती. म्हणून ओळ खाली लिहिली, आणि ती जागेवर न्यायला हा माणूस ठेवला. सातशे वर्षं ओढतोय.”

मी लिमना जिन्यातून बोलावलं. त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, “ओव्हरटाइम मिळतो का त्याला?”

प्रदर्शन ठरल्या दिवशी संपलं. मला कंपनीकडून लेखी ताकीद मिळाली, ती मी जपून ठेवली आहे. डिसेंबरात पास रिन्यू झाला. आमच्या नियमांच्या पाटीवर, खाणं नको, पिणं नको, याच्याखाली तिसरी ओळ आली: यंत्रांची पूजा नको. नवीन आलेली माणसं ती वाचून मला विचारतात की असं कोण करतं? मी म्हणतो, असतात काही लोक.

एक काम मात्र राहिलं होतं. दसऱ्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी मामांचा फोन यायचा, हळद पोचली का म्हणून. त्या वर्षीही आला आणि मी “पोचली, मामा, पूजा झाली” एवढंच म्हणालो. हळदीच्या गावात, स्वतःच्या हाताने हळद करणाऱ्या माणसाला, तुमच्या हळदीला कीड होती हे सांगायचं म्हणजे काय, ते आमच्याकडच्या वाचकांना कळेल. मार्गारेटना सांगणं त्यापुढे सोपं होतं. शेवटी दिवाळीत पत्र लिहिलं. त्याची प्रत माझ्याकडे आहे, ती जशीच्या तशी देतो.

तीर्थरूप शिरतोडेमामांस,
संभाचा शि. सा. नमस्कार.

आम्ही सर्व इकडे खुशाल आहोत. तुमच्या गुडघ्याचं वाचलं. जिना चढू नका, कोणी काही म्हणो.

तुम्ही पाठवलेली हळद वेळेवर मिळाली. खंडेनवमीला यंत्रांची पूजा केली. तुम्ही सांगायचात तशी पेटीला लावली, मोजायच्या टोकाला नाही. नंतर कामावर थोडी गडबड झाली होती, पण ती मिटली. वहीत सगळं खरं लिहिलं, आणि खरं लिहिलं म्हणूनच नोकरी राहिली. तुम्ही मला पहिल्या वर्षी बुरेटपाशी जे म्हणाला होतात ते एका इंग्लंडच्या बाईंनी मला परत म्हणून दाखवलं. त्यांना तुमचं नाव सांगितलं आहे. त्यांना ते म्हणता येत नाही, पण त्यांनी लिहून घेतलं.

आणि एक. तो १२.४ चा आकडा खोटा होता हे तुम्हाला माहीत होतं, सरांना नव्हतं. सर भेटले तर सांगा. आठ मार्क परत करायला मी तयार आहे.

मुलगी विचारते की मामाआजोबा कोण. मी म्हणालो, माझे सर. ती म्हणाली, बट ही वॉज नॉट अ टीचर. मी म्हणालो, होते.

काकूंना नमस्कार.

तुमचा,
संभा

ता. क. दुसऱ्या परिच्छेदात, ‘पूजा केली’च्या पुढे एक ओळ मी गाळली आहे. चुकून नाही, हात धजला नाही. ती आता इथे खाली लिहितो. तिला दोरी बांधली आहे आणि वर समासात एक माणूस काढला आहे, तो तिला तिच्या जागेवर ओढून नेतो आहे. माणूस मला नीट जमला नाही. टोपी घातल्यावर तो तुमच्यासारखा दिसायला लागला, म्हणून तसाच ठेवला. ओळ अशी:

मामा, हळदीला कीड लागली होती.